बसल्या जागी चालणारा ठिपका

नवीन फोन बाजारात आला की आमच्या इमारतीत तो सगळ्यात आधी मी घेतो, आणि घरी आणल्यावर त्याच्यावर सगळ्यात जास्त संशयही मीच घेतो. बायकोच्या मते या दोन्ही खोडी एका माणसात असू नयेत. माझ्या मते त्या एका माणसात असल्याशिवाय माणूस सुरक्षित राहत नाही. नवं ॲप म्हणजे घरात ठेवलेला पेइंग गेस्ट. त्याला खोली द्यायची, चहा द्यायचा, पण कपाटाची किल्ली आपल्या खिशात ठेवायची.

बिनबटणांचा फोन मुलुंडच्या आमच्या इमारतीत पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा मी त्याचा प्रयोगच लावला होता. मधोमध टीपॉय, त्यावर फोन, फोनवर नॅपकिन. शेजारी जमले की मी आधी सगळ्यांना हात धुवायला पाठवायचो आणि मग नॅपकिन उचलायचो. लोक खरोखर "वा!" म्हणायचे. एकटे बाबा म्हणाले, "बटणा खंय गेली?"

"बटणं नाहीतच बाबा. काचेला बोट लावायचं."

"आणि काच फुटली तर?"

फोन बनवणाऱ्यांनी ही शंका मनावर घेतली नव्हती. पुढच्याच महिन्यात ती फुटली.

मग फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो अशी बातमी सगळीकडे पसरली. ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही, म्हणून मी पुरावा गोळा करायला बसलो. जेवणाच्या टेबलावर फोन उताणा ठेवायचा आणि आम्ही सगळ्यांनी मोठमोठ्याने म्हशीबद्दल बोलायचं, कारण म्हशीत आमच्या घराण्याला कधीही रस नव्हता. म्हशीची जाहिरात आली की चोर सापडला!

"मुऱ्हा घ्यायची की जाफराबादी?" बायको आमटी वाढता वाढता फोनकडे तोंड करून विचारायची.

"दुधाला मुऱ्हा. पण बांधायची कुठे?"

बाबा या नाटकात मनापासून रंगले. "आरेच्या गोठ्यात ठेवूया," ते म्हणाले. "हय पार्किंगात चेअरमन तिका स्टिकर देवचो नाय."

आठवडाभर आम्ही म्हैस चालवली. शेवटी जाहिरात आली ती गुडघ्याच्या तेलाची. म्हणजे फोनने म्हशीकडे दुर्लक्ष केलं होतं, पण मी खुर्चीतून उठताना "आई गं" म्हणतो ते बरोबर टिपलं होतं. त्या दिवसापासून माझा संशय दुप्पट झाला आणि आदरही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं.

बाबा मूळचे मालवणकडचे. आयुष्याचा मोठा भाग कापडगिरणीत साच्यावर काढला, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते केलं, पण एक काम त्यांनी कधीच सोडलं नाही. नाहूरच्या एका भजन मंडळात ते पखवाज वाजवायचे. आमच्या कोकणी लोकांत डबलबारी नावाचा एक प्रकार असतो. भजनाचा सामना म्हणा. एकाच मंचावर दोन बुवा, दोघांच्या पेट्या, दोघांचे पखवाज, दोघांची झांज वाजवणारी, मागून साथ देणारी माणसं. एक बुवा गाता गाता दुसऱ्याला कोडं घालतो, टोमणा मारतो, दुसरा तिथल्या तिथे रचून उत्तर देतो, आणि गजर चढत गेला की समोरची माणसं खुर्चीत बसत नाहीत. देवाचं नाव घेऊन एवढं भांडायची सोय दुसरीकडे कुठे नसेल. आणि सगळ्यांना ठाऊक असतं की बुवा कितीही तयारीचा असला तरी गजर चढतो तो पखवाजावर.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "रोज चाला, गोळ्या चुकवू नका, दगदग करू नका."

माझी धाकटी बहीण बोरिवलीला राहते आणि एका शाळेत सुपरवायझर आहे. तिने 'दगदग' हा एकच शब्द उचलला आणि त्याचा अभ्यासक्रम तयार केला. जिने म्हणजे दगदग. बाजार म्हणजे दगदग. सोसायटीची मीटिंग म्हणजे भयंकर दगदग, आणि ते खरंही होतं. पखवाज तर दगदगीचा बादशहा! बाबांचा पखवाज जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. बाबांनी फक्त माळ्याच्या बरोब्बर खाली आपली खुर्ची ठेवून घेतली.

वाढदिवसाला मी त्यांना हातात बांधायचं स्मार्ट घड्याळ आणलं. ते पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं आणि सगळं फोनला कळवतं. फोनमधलं ॲप ते माझ्या फोनला आणि बोरिवलीला कळवतं. शिवाय बाबा कुठे आहेत ते नकाशावर एका निळ्या ठिपक्याने दाखवतं. मी नॅपकिन वगैरे सगळं करून ते सादर केलं.

"ही बेडी माका कित्याक?" बाबा म्हणाले.

"बेडी नाही, घड्याळ आहे."

"घड्याळ येळ सांगता. ह्या चुगल्या सांगता."

तरी त्यांनी ते डाव्या मनगटावर बांधून घेतलं. पहिले काही दिवस आकडा अगदीच केविलवाणा यायचा. संध्याकाळी बोरिवलीहून फोन यायचा, "बाबा, आज तुम्ही चाललात का लोळलात?" शेवटी तिने पांढरे बूट घेऊन दिले. बाबा दुपारचं जेवण झालं की ते बूट घालून "फिराक जातंय" म्हणून निघायला लागले.

आणि एक दिवस आकडा उडालाच! दुपारी बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी एवढी पावलं टाकून परतला की ठाण्याला जाऊन आला असावा. दुसऱ्या दिवशी तेवढाच. तिसऱ्या दिवशी जास्त. बहीण घरच्या ग्रुपवर फुलं, टाळ्या, झेंडे, जे सापडेल ते पाठवायला लागली. "बघितलंस? शिस्त लावली की होतं," असं तिने मला वेगळं कळवलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण आकडा खूप चांगला आला की मला आधी पंचाची नियत तपासावीशी वाटते.

माझं ऑफिस अंधेरीला आहे. दुपारी जेवणानंतर डबा धुऊन आलो आणि नकाशा उघडला. निळा ठिपका नाहूर स्टेशनच्या पलीकडे एका गल्लीत होता. पावलं भराभर वाढत होती. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघितलं. पावलं वाढलेली, ठिपका तिथेच. चहाला उठलो, आलो, पाहिलं. पावलांनी कळस गाठलेला आणि ठिपका जागचा हललेला नाही. ठिपका बसल्या जागी चालत होता!

संध्याकाळी मी हा चमत्कार बायकोसमोर मांडला.

"नकाशा अडकला असेल," ती म्हणाली.

"रोज? त्याच गल्लीत?"

"मग घड्याळ कुत्र्याच्या गळ्यात बांधत असतील आणि स्वतः बाकावर बसत असतील."

"कुत्र्याबरोबर ठिपका पण पळाला असता."

"अरे, ठिपका फोनचा, पावलं घड्याळाची. फोन बाकावर, घड्याळ कुत्र्यावर." माझी बायको गुन्हेगारीकडे वळली असती तर मोठं नाव काढलं असतं.

मी दुसरी शक्यता जरा चाचरत मांडली. "तिथे कोणी... म्हणजे ओळखीचं... बाईमाणूस वगैरे..."

"आणि तिच्या घरी जाऊन हे हजारो पावलं चालतात? तिची फरशी बसवतायत का?"

मी थेट बाबांकडे गेलो. ते पेपर वाचत होते.

"बाबा, हल्ली कुठे फिरता?"

"हयसरच. इकडे तिकडे."

"बरंच चालता की!"

"घड्याळ सांगता मां? मगे माका कित्याक इचारतस?"

मी चपलांच्या स्टँडपाशी जाऊन पांढरे बूट उचलले आणि उलटे करून पाहिले. तळवे दुकानातल्यासारखे कोरे करकरीत होते. एवढं चालून ज्याच्या बुटाला धूळ लागत नाही असा माणूस एक तर संत असतो, नाही तर काहीतरी लपवत असतो. आणि बाबा संत नव्हते.

आठवड्याभरात मी अर्धी रजा टाकली आणि आमच्या इमारतीसमोर रसवंतीच्या आडोशाला उभा राहिलो. डोक्यावर टोपी घातली होती. रसवाल्याने लगेच ओळखलं आणि "आज ऑफिस नाही?" असं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं. मी त्याला ग्लासभर रस सांगून गप्प केलं. एवढ्यात बाबा बाहेर आले. पांढरे बूट, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चालायला म्हणून निघालेला हा गृहस्थ चक्क शेअर रिक्षात बसला!

मी दुसरी रिक्षा पकडली. "उस रिक्षा के पीछे लो."

"किसका पीछा करने का है, साब?"

"मेरे बाप का."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. "उमर हो गयी आपकी ये सब करने की," असं म्हणाला, पण रिक्षा मात्र मन लावून हाकली.

नाहूरला बाबा उतरले आणि एका चाळीमागच्या बोळात शिरले. मी थोडं अंतर ठेवून मागे गेलो. बोळाच्या टोकाला गणपतीचं छोटं देऊळ, त्याला चिकटून पत्र्याची खोली. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि त्या ढिगात वरच्या अंगाला, जपून ठेवलेले पांढरे बूट. रोज रिक्षातून यायचे आणि इथे बसून राहायचे. त्यांना धूळ लागणार तरी कशी!

आतून पेटीचा सूर आला. मग झांज. आणि मग पखवाज.

मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. बाबा मांडी घालून बसले होते. समोर मंडळाचा पखवाज, आवाज घुमावा म्हणून त्याच्या डाव्या तोंडाला कणकेचा ताजा गोळा लावलेला. बुवा गजर हळूहळू चढवत होते आणि बाबांचा डावा हात घुमणारी थाप मारून वर येत होता, पुन्हा पडत होता. त्या हातावर माझं घड्याळ होतं. प्रत्येक थापेबरोबर मनगट हलायचं आणि प्रत्येक वेळी घड्याळाला वाटायचं की म्हातारा चालतोय. लय वाढली की त्याला वाटायचं, म्हातारा धावत सुटला!

मला हसू आवरेना. पण बाबांच्या कपाळावर घाम होता. आणि चेहरा असा होता, जो मी दोन वर्षांत घरी पाहिला नव्हता. मी खिशातून फोन काढून त्यांचे ठोके बघू लागलो. फटीतून चेहरा, फोनवर ठोके, पुन्हा चेहरा. कशावर विश्वास ठेवायचा ते ठरेना.

"भायर कित्याक उभो?" बुवांचा आवाज आला. त्यांनी मला पाहिलं होतं. "आत ये. चोर असलंस तरी चपला काढून ये."

मी आत गेलो. बाबांनी हात थांबवला नाही. गजर पुरा केला, शेवटची थाप दिली, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इलंस? बस."

तेवढ्यात त्यांच्या फोनने टुणटुण करून इंग्रजीत अभिनंदन केलं. आजचं चालणं पूर्ण! पडद्यावर फटाके फुटले. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हा त्यांचा रोजचा कार्यक्रम असणार, कारण एका झांजवाल्याने लगेच चहाची किटली पुढे ओढली.

"बाबा, ही फसवणूक आहे," मी म्हणालो.

"कोणाची? मी घड्याळाक सांगूक नाय, चालतंय म्हणून. तां आपणच मोजूक लागला. मी फक्त नको म्हणूक नाय."

"आणि तब्येत?"

बुवांनी पेटीचा भाता लावून टाकला. "रे झिला, तुका खरा सांगतंय," ते म्हणाले. "मुलुंडाक आमची बारी ठरली हा. समोर घाटकोपरचा मंडळ. दोन वर्षा मी ह्याची जागा कोणाक दिलंय नाय. हेच्या जाग्यार माणूस मागून आणलंय आणि परत पाठवलंय. आता पोरा म्हणतत, बुवा, कायमचो एक बघा. एकदा पखवाजार दुसरो बसलो काय तो उठणा नाय."

"घरून कोणी येऊ देणार नाही," मी बाबांना म्हणालो.

"ठाऊक आसा. म्हणान तर बूट घालून येतंय." त्यांनी डाव्या तोंडावरची कणीक बोटाने खरवडून काढायला सुरुवात केली. "चालून चालून मी खंय पोचतलंय सांग? हयसून थंय, थंयसून हय. हय बसलंय काय जीव थाऱ्यार येता. ही बारी गेली तर माझी जागा गेली. मगे तू माका कितीय घड्याळा बांध."

मी बहिणीला सांगितलं असतं तर बाबांची खोली बंद झाली असती. नसतं सांगितलं आणि तिथे काही बरंवाईट झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? ॲपवर माझा विश्वास नव्हता, बाबांवर त्याहून नव्हता. मग मला सुचलं की ज्या माणसाने 'दगदग' हा शब्द काढला त्यालाच विचारावं.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हणालो. "ते हो म्हणाले तर बारी. नाही म्हणाले तर ही खोली बंद. कबूल?"

बाबांनी बुवांकडे पाहिलं. बुवा छताकडे बघत होते.

"कबूल," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझा फोन हातात घेऊन ठोक्यांचा आलेख वर-खाली सरकवला. "रोज दुपारी हळूहळू चढतो, थोडा वेळ वर राहतो, मग हळूहळू उतरतो. छान आहे. काय करता काका?"

बाबा भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत म्हणाले, "फिरतंय."

मी खाकरलो.

"बसून फिरतंय," बाबा म्हणाले, आणि मग सगळं सांगून टाकलं. सांगताना हात आपोआप टेबलावर चालू झाले. डॉक्टरांचं पेन उडी मारून खाली पडलं.

"पखवाज बंद करा, असं मी कधी म्हटलं?" डॉक्टरांनी विचारलं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

त्यांनी त्या आठवड्यात बाबांना तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावर चालवलं, तारा लावल्या, कागद काढले. मग फोनमधल्या आलेखावर एक रेघ लावून दिली आणि म्हणाले, "वाजवा. पण धाप लागली, छातीत जड वाटलं की त्या क्षणी थांबायचं. ठोके या रेघेच्या वर जाता कामा नयेत. आणि काका, चालणं वेगळं. पावलं पायांनीच टाकायची."

बोरिवलीला मी स्वतः जाऊन सांगितलं. बहिणीने सगळं ऐकून घेतलं. शाळेत मुलाच्या दप्तरात नको ते सापडलं की ती जशी शांत होते, तशी शांत होती.

"म्हणजे मी महिनाभर फुलं पाठवत होते ती पखवाजाला?"

"तसंच म्हणायचं."

"आणि तू शोधून काढलंस, तर मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू बंद केलं असतंस."

"केलंच असतं!" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "दादा, त्या दिवशी हॉस्पिटलात नेताना त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू मागून आलास. तुला नाही कळायचं."

मी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

शेवटी तिने परवानगी दिली, पण अटी घालून. बारीच्या दिवशी तिला आजारी सासूबाईंपाशी घरी थांबावं लागणार होतं, म्हणून येता येणार नव्हतं. तेव्हा घड्याळ बाबांच्या हातात राहील. बाबांचा फोन माझ्या खिशात राहील. ती बोरिवलीत बसून ठोके बघेल. रेघ ओलांडली की ती मला फोन करेल आणि मी मंचावर जाऊन, गजर कुठेही असो, पखवाज थांबवायचा. भर सभेत.

"शपथ घे."

मी घेतली.

बारी रविवारी दुपारी होती, मुलुंडच्या एका हॉलमध्ये. खच्चून माणसं. मी पहिल्या रांगेत, मंचाच्या पायऱ्यांना लागून जागा धरली, म्हणजे वेळ आली तर धावता येईल. डाव्या हाताला घाटकोपरचे बुवा, तरणेबांड, गळ्यात जाड साखळी. उजव्या हाताला आमचे. बाबा पखवाजामागे बसले तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "काका इले रे!" आणि शिट्ट्या पडल्या.

पहिली फेरी बरी गेली. मी दर मिनिटाला फोन बघत होतो. ठोके रेघेच्या बरेच खाली. बोरिवलीहून एकच ओळ आली, 'दिसतंय.'

मग घाटकोपरच्या बुवांचं लक्ष बाबांच्या हाताकडे गेलं. डबलबारीत समोरच्याच्या अंगावर जे दिसेल ते गाण्यात येतं, त्यात कोणाला माफी नसते. त्यांनी पेटी दाबली आणि चालीत सुनावलं की देवाच्या दारात घड्याळ बांधून बसलाय हा पखवाजी, याचं लक्ष भजनात की घरी जायच्या वेळेत? हॉल खदखदून हसला. शिवाय एक खरी अडचण होती. थाप पडली की घड्याळाचा धातूचा पट्टा पखवाजाच्या कडेवर आपटत होता आणि माइकमधून बारीक 'टक' ऐकू यायचं.

आमच्या बुवांनी उत्तर रचायला घेतलं. तेवढ्या वेळात बाबांनी पट्टा सोडला आणि घड्याळ पायऱ्यांवरून माझ्याकडे टाकलं. मी झेललं. ते खुणेने म्हणाले, राहू दे. आणि गजर सुरू झाला.

आता घड्याळ नुसतं हातात धरलं तर बोरिवलीत ठोके दिसेनासे होतील, आणि माझी बहीण बाबांचे ठोके नाहीसे झालेले पाहील! मी घाईघाईने ते माझ्या मनगटावर बांधलं. निदान काहीतरी दिसत राहू दे, पहिला जोर ओसरला की फोन करून सांगू, असा विचार केला. विचार एवढाच होता. पुढचा विचार करायला वेळ नव्हता, कारण गजर चढायला लागला होता आणि बाबांच्या मानेवरची शीर मला तिथून दिसत होती. आता त्यांच्यावर नजर ठेवायला यंत्र नव्हतं. फक्त मी होतो. धाप लागलीय का? ओठ कोरडे पडलेत का? डावा हात दुखतोय म्हणून वळवला का थापेसाठी वळवला? झांज वाढली. लय दुप्पट झाली. लोक उभे राहिले. मी खुर्चीच्या टोकावर आलो.

खिशात फोन वाजला. बोरिवली.

"दादा, ऊठ! थांबव त्यांना! रेघेच्या वर गेलेत, किती वर गेलेत बघ!"

"अगं, ते नाहीत! घड्याळ माझ्या हातात आहे!"

"काय?"

"घड्याळ माझ्या हातात! त्यांनी काढून दिलं!" मी तोंडावर हात धरून ओरडत होतो.

"खोटं बोलू नकोस. तुम्ही दोघं एकदा मला फसवून मोकळे झालात. शपथ घेतलीस तू!"

"फोटो पाठवतो, थांब."

मी माझ्या मनगटाचा फोटो काढला. फुगलेल्या शिरा, पांढरे होत चाललेले केस, घड्याळ. पाठवला. मग ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "हा बाबांचाच हात आहे. दादा, प्लीज. मी पाया पडते तुझ्या, थांबव त्यांना."

मी मनगटाकडे पाहिलं. खरंच, हुबेहूब होतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन डोक्याच्या वर धरला. मंचावर आमचे बुवा मान मागे टाकून गात होते, आणि बाबांचे दोन्ही हात, दोन्ही मनगटं उघडी, पखवाजावर पडत होती, उठत होती. चेहऱ्यावर घाम आणि त्याखाली हसू. धाप नव्हती. मी नीट पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. धाप नव्हती.

"दिसलं?" मी विचारलं.

मी फोन खाली घ्यायला लागलो.

"अरे, खाली नको!" ती ओरडली. "जरा डावीकडे धर. बुवाच दिसतायत नुसते. हां... तसाच."

गजर संपेपर्यंत मी हात वर धरून उभा होतो. मागचा माणूस "ओ, बसा ना राव" म्हणाला, मी बसलो नाही. शेवटची थाप पडली, हॉल दणाणला, घाटकोपरच्या बुवांनीसुद्धा हात जोडून मान डोलावली. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मी फोन कानाला लावला. पलीकडे सासूबाई काहीतरी विचारत होत्या आणि बहीण त्यांना "थांबा हो जरा" म्हणत होती. मग ती मला म्हणाली, "ठोके अजून उतरले नाहीत."

"उतरतील."

"उद्या सकाळी डॉक्टरकडे जा."

"बाबांना घेऊन?"

"बाबांना कशाला?" ती म्हणाली.